गाणी आली, प्लेलिस्ट कुठे राहिल्या?

नव्या कॉम्प्युटरवर गाण्यांचा साठा हलवताना येणाऱ्या अडचणींबद्दल सांगली-साताऱ्याकडच्या वाचकांनी विचारलेले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : नमस्कार. जुन्या विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवर ‘डी’ ड्राइव्हमध्ये ‘गाणी’ नावाच्या फोल्डरात नाट्यसंगीत, ख्याल, भावगीतं मिळून सुमारे ११ हजार फाइल्स आहेत. नव्या लॅपटॉपवर त्या आणल्या, वाजतातही. आयट्यून्स या ॲपलच्या गाणी लावण्याच्या प्रोग्रॅमचा फोल्डरही कॉपी केला. पण तिथे प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह दिसतं, आणि व्हीएलसी प्लेअरसाठी केलेल्या एम३यू याद्यांमधलं (प्लेलिस्टच्या फाइल्स) एकही गाणं लागत नाही. बारा-पंधरा वर्षांत रागवार लावलेल्या साठ याद्या पुन्हा करायच्या का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही. एकही यादी पुन्हा करू नका, आणि जुना कॉम्प्युटर इतक्यात फॉरमॅट करायला देऊ नका.

प्लेलिस्टमध्ये गाणं नसतं, ते कुठे ठेवलंय त्याचा पत्ता असतो. तुमची गाणी ‘डी’मधून ‘सी’मध्ये आली, याद्या मात्र अजून ‘डी’मध्येच शोधताहेत. नव्या लॅपटॉपात बहुधा एकच ‘सी’ ड्राइव्ह असतो. त्यात मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं पहिल्यांदा लॉगिन केलं असेल, तर यूजरच्या फोल्डरला ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं नाव मिळतं. म्हणजे ‘म्युझिक’ फोल्डरचा पत्ताही जुन्यासारखा राहत नाही. गाणी डेस्कटॉपवर ठेवली असतील तर वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याचा बॅकअप चालू आहे का, तेही बघा. तो चालू असला की डेस्कटॉपच वनड्राइव्हच्या फोल्डरात जातो आणि फुकटची ५ जीबी जागा काही अल्बममध्येच भरते.

सगळ्यात बिनत्रासाचा उपाय म्हणजे नव्या लॅपटॉपवर जुनाच पत्ता तयार करणं. आधी महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत बाहेर ठेवा. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ‘सी’वर राइट क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो. २०० जीबी हवे असतील तर २०४८०० लिहा. मोकळ्या झालेल्या जागेवर ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’ करून तिला ‘डी’ हे अक्षर द्या. ‘डी’ आधीच डीव्हीडी ड्राइव्हनं किंवा कार्ड रीडरनं अडवलं असेल तर त्याचं अक्षर आधी बदला. मग ‘गाणी’ फोल्डर त्याच नावानं, आतल्या रचनेला हात न लावता तिथे ठेवा. उद्गारचिन्हं गेली पाहिजेत. कधी कधी डिस्क निम्मी रिकामी असूनही श्रिंक थोडीच जागा देऊ करतं, कारण न हलवता येणारी सिस्टीमची एखादी फाइल मध्ये बसलेली असते. अशा वेळी बाहेरची डिस्क कायमची जोडून तिला ‘डी’ अक्षर दिलं तरी चालतं.

जुना पत्ता तयार करणं जमलं नाही, तर आयट्यून्सच्या बाबतीत एक पायरी जुन्या मशीनवरच करायला हवी. ‘फाइल’, ‘लायब्ररी’, ‘ऑर्गनाइझ लायब्ररी’ इथे जाऊन ‘कन्सॉलिडेट फाइल्स’वर टिक करा. इकडे-तिकडे विखुरलेल्या गाण्यांची एकेक प्रत आयट्यून्सच्या मीडिया फोल्डरात येते. तेवढीच जागा आणखी लागते, ती आधी मोजा. मग ‘म्युझिक’मधला आख्खा आयट्यून्स फोल्डर उचला. त्यातल्या ‘आयट्यून्स लायब्ररी’ नावाच्या आयटीएल फाइलमध्ये तुमच्या याद्या, पसंतीचे तारे, किती वेळा ऐकलं आणि कधी घातलं, हे सगळं असतं. नव्या मशीनवर शिफ्ट दाबून धरून आयट्यून्स उघडा, ‘चूज लायब्ररी’ म्हणा आणि ही फाइल दाखवा. नव्या मशीनवरचं आयट्यून्स जुन्याइतकं किंवा त्याहून पुढचं असावं. मागची आवृत्ती पुढची लायब्ररी उघडत नाही. ॲपल म्युझिकचं नवं ॲप तोवर टाकू नका, ते आलं की आयट्यून्समध्ये फक्त पॉडकास्ट आणि ऑडिओबुक उरतात.

पुष्कळ जण गाण्यांचा फोल्डर नव्या आयट्यून्समध्ये नुसता ओढून टाकतात. गाणी येतात, पण तारे पुसले जातात, ऐकल्याची संख्या शून्य होते आणि ११ हजार गाणी ‘आज घातलेली’ ठरतात.

एम३यू फाइल म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडलीत तर एकेका ओळीत एकेक पत्ता दिसेल. जुना पत्ता तयार करता आला नसेल तर कंट्रोल आणि एच दाबून जुन्या पत्त्याचा सुरुवातीचा भाग शोधा, त्या जागी नवा घाला, ‘रिप्लेस ऑल’. साठ याद्यांना तासभर लागेल. सेव्ह करताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा आणि फाइलला एम३यू८ हे शेपूट द्या. साध्या एम३यूमध्ये देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होण्याचा धोका असतो. फाइलमध्येच प्रश्नचिन्हं पडली असतील तर त्या फाइलमधून मूळ नाव परत मिळत नाही. म्हणूनच जुनं मशीन राखून ठेवायला सांगितलं. तिथून यादी पुन्हा एम३यू८ म्हणून काढता येते.

कॉपी पूर्ण झाली का, हे दोन्हीकडच्या फोल्डरांच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये पडताळा. फाइल्सची संख्या आणि ‘साइझ’ बाइटपर्यंत जुळायला हवी. खालचा ‘साइझ ऑन डिस्क’चा आकडा डिस्कच्या आखणीप्रमाणे वेगळा येऊ शकतो, त्यानं घाबरू नका.

प्रश्न : माझ्याकडे ‘साताऱ्याचे कार्यक्रम’ म्हणून रेकॉर्डिंगचा संग्रह आहे. नव्या कॉम्प्युटरवर ‘साताऱ्याचे’ असं शोधलं की निम्म्याच फाइल्स सापडतात. नावं तर तंतोतंत सारखी दिसतात.
— एक वाचक, सातारा

उत्तर : दिसतात सारखी, पण आत वेगळी आहेत. मराठीतला हा ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात खाली नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त आणि ‘या’ जोडले जातात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि ‘या’. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच उमटतो, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. जुन्या मशीनवर एक कीबोर्ड, नव्यावर किंवा फोनवर दुसरा, असं झालं की संग्रहात सरमिसळ होते.

फाइलचं नाव आणि टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती) बदलणारा एमपी३टॅग हा फुकट प्रोग्रॅम यासाठी उत्तम. न सापडणाऱ्या फाइलच्या नावातून ‘ऱ्या’ कॉपी करून ‘शोधा’च्या रकान्यात चिकटवा, सापडणाऱ्या फाइलमधला ‘बदला’च्या रकान्यात. हातानं टाइप करू नका. न सापडणारी फाइल दुसऱ्या प्रकारची असेल तर ‘शोधा’च्या रकान्यात ते जोडचिन्ह आलंच पाहिजे. ते सुटलं तर रफार असलेले शब्दही बदलतील आणि ‘आचार्यास’चं ‘आचाऱ्यास’ होईल, म्हणजे गुरू जाऊन स्वयंपाकी येईल. आधी पाच फाइल्सवर करून बघा.

टॅगमधलं नाव बदललं तर प्लेलिस्टला काही होत नाही. फाइलचं नाव बदललं की पत्ता बदलतो, म्हणून तोच बदल एम३यू याद्यांमध्येही करा.

पुढेमागे लिनक्सवर जायचा विचार असेल तर नावं आत्ताच आखडती घ्या. तिथे फाइलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, ३ बाइट खातं. ‘सांगली’ला १८ लागतात. म्हणजे सगळी मिळून ८५ चिन्हं. गायक, राग, ताल, साथीदार, गाव आणि तारीख एकाच नावात कोंबली तर ती सहज ओलांडली जातात. साथीदार टॅगच्या ‘कमेंट’ रकान्यात लिहा.

प्रश्न : स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिकवर ऑफलाइन डाउनलोड केलेली गाणी पेन ड्राइव्हनं नव्या लॅपटॉपवर नेता येतील का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. ती फाइल ॲपशिवाय उघडत नाही. याद्या तुमच्या खात्यात असतात. नव्या लॅपटॉपवर त्याच खात्यानं लॉगिन करा आणि डाउनलोड पुन्हा करा. स्पॉटिफायच्या यादीत स्वतःच्या फाइल्स घातल्या असतील तर त्या फिकट दिसतील. सेटिंगमध्ये ‘लोकल फाइल्स’ चालू करून त्यांचा फोल्डर दाखवावा लागेल.

प्रश्न : मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभांच्या आणि घरगुती बैठकींच्या १२० कॅसेट ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घेतल्या होत्या. संपादन अर्धवट आहे. तो लॅपटॉप आता चालूच होत नाही. प्रोजेक्ट वाचतील का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : लॅपटॉप बंद पडणं आणि डिस्क बिघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क बाहेर काढून घ्या आणि साटा-टू-यूएसबी अडॅप्टरनं नव्या मशीनला जोडा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. ‘या फोल्डरची परवानगी नाही’ असं आलं तर ‘कंटिन्यू’ दाबा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप लावलेलं असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. डिस्कमधून टक् टक् आवाज येत असेल तर मात्र लगेच वीज काढा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्याकडेच न्या. दर वेळी चालू करून बघण्यानं नुकसान वाढतं.

ऑडॅसिटी ३ च्या आधीची आवृत्ती असेल, तर प्रत्येक प्रोजेक्टची एक छोटी एयूपी फाइल असते आणि शेजारी शेवटी ‘डेटा’ असलेला त्याच नावाचा फोल्डर. आवाज त्या फोल्डरात असतो. नुसती एयूपी नेली तर आवाज मागेच राहतो, आणि फोल्डरचं नाव बदललं तर प्रोजेक्टला तो सापडत नाही. आत १ एमबीपर्यंतचे तुकडे असतात. ९० मिनिटांच्या एका स्टिरिओ कॅसेटचे सुमारे १,८०० होतात. एक तुकडा हरवला तर एका बाजूच्या स्पीकरमध्ये सुमारे ६ सेकंद शांतता. तेवढ्यात एखादी तान जाते.

जागा आधी मोजा. वेव्ह फाइल मिनिटाला १० एमबी घेते, पण ऑडॅसिटी मूळ सेटिंगमध्ये ३२ बिटमध्ये साठवते, म्हणून प्रोजेक्ट दुपटीचा होतो: एका कॅसेटला जवळजवळ १.९ जीबी, १२० कॅसेटना साधारण २३० जीबी. यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबी धरले तरी दोन तास लागतात, आणि तुकडे लाखांवर असल्यानं प्रत्यक्षात त्याहून जास्त. जी बैठक दुसऱ्या कुणाकडेच नाही ती आधी उतरवा. कॉपीसाठी टेराकॉपी वापरलंत तर ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा.

मग नव्या ऑडॅसिटीत एकेक प्रोजेक्ट उघडून सेव्ह करा; सगळं मिळून एकच एयूपी३ फाइल होते आणि पुढच्या वेळी तुकड्यांची भीती उरत नाही. बैठक जशी आहे तशी फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारातही काढून ठेवा, संपादन नंतर होत राहील. दुसरी प्रत घरातल्याच खालच्या कपाटात नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. ती दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवा आणि वर्षातून एकदा आणून चार-पाच फाइल्स शेवटच्या मिनिटापर्यंत ऐकून बघा.