वाचक विचारतात : परदेशी लसूण आणि ओरेगॅनो

प्रश्न : आयात लसणाच्या पाकळ्या मोठ्या, पण फोडणीला वासच येत नाही. इथला कोणता घ्यावा? ओरेगॅनोऐवजी काय वापरावं?

उत्तर : गावठी लसूण घ्या, किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा जांभळट ‘भीमा पर्पल’ वाण. पाकळ्या लहान, सोलायला कटकट. पण तिखटपणा जास्त, म्हणून आधी निम्माच घाला. ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग फोडणीत टाका.

कुंडीत लावायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, टोक वर ठेवून, २-३ सेंमी खोल, १० सेंमी अंतरावर. जूनमध्ये लावलात तर नुसती पात मिळेल. गड्डा धरायला आधी थंडी लागते. काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडा, नाहीतर गड्डे साठवणीत कुजतात.

ओरेगॅनो चमचाभर असेल तिथे पाव चमचा भरडलेला ओवा पुरे. जास्त झाला की कडवट लागतो.