वाचकांचे प्रश्न : डेलाच्या पेन्या, क्लोंडाइकची थंडी आणि इतर शंका

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन कथा-कवितांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच कथेबद्दल अनेकांनी विचारलं असेल तिथे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ओ. हेन्रीच्या 'द गिफ्ट ऑफ द मेजाय'मध्ये डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट आहेत आणि त्यातले ६० सेंट पेन्यांमध्ये, म्हणजे एक सेंटच्या नाण्यांत. मग उरलेले १ डॉलर २७ सेंट एकही पेनी न वापरता होतील कसे? लेखकाचा हिशेब चुकला का?

चुकलाच असं म्हणता येत नाही. अमेरिकेत दोन सेंटचं नाणं १८७३ पर्यंत आणि तीन सेंटचं निकेलचं नाणं १८८९ पर्यंत पाडलं जात होतं. कथा छापून आली डिसेंबर १९०५ मध्ये. दोन सेंटचं एक जुनं नाणं तिच्या पैशांत आहे असं धरलं, की उरलेले १ डॉलर २५ सेंट पाच, दहा, पंचवीस सेंटच्या नाण्यांत होतात आणि हिशेब बसतो. पण या कोड्यात अडकलं की कथेतला खरा हिशेब नजरेतून सुटतो.

डेलाच्या नवऱ्याचा, जिमचा, आठवड्याचा पगार २० डॉलर, खोलीचं भाडं ८. उरलेल्या १२ डॉलरमध्ये दोघांचं सगळं भागवायचं. डेला केस विकते त्याचे २० डॉलर येतात, म्हणजे नवऱ्याच्या नेमक्या आठवड्याच्या पगाराएवढे. त्याला नाताळची भेट म्हणून ती घेते ती घड्याळाची प्लॅटिनमची साखळी २१ डॉलरची. ती घरी परतते तेव्हा हातात ८७ सेंट असतात. म्हणजे महिनोन्‌महिने भाजीवाल्याशी, खाटकाशी घासाघीस करून जमवलेला तो एक डॉलरसुद्धा साखळीतच गेला. लेखक हे कुठेही फोड करून सांगत नाही. वजाबाकी आपण करायची.

दारावरच्या पाटीकडेही पाहा. 'मिस्टर जेम्स डिलिंगहॅम यंग' हे भारदस्त नाव पगार ३० डॉलर होता तेव्हाचं. पगार २० वर आला आणि 'डिलिंगहॅम' आता नुसतं 'डी' व्हायच्या विचारात आहे, असं निवेदक मिश्कीलपणे म्हणतो. गरिबीवर परिच्छेद न लिहिता ती एका पाटीत बसवली आहे. या कथेवर लिहिताना बहुतेक जण 'अनपेक्षित शेवट' (तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला जिमनं घड्याळच विकलेलं असतं) आणि 'त्याग' एवढं लिहून थांबतात. दुसऱ्या वाचनात शेवट अनपेक्षित राहत नाही, तरी कथा तग धरते. ती या निवेदकाच्या जोरावर. तो दोघांना मूर्ख म्हणतो आणि लगेच सर्वांत शहाणेही म्हणतो. त्याच्या आवाजाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

प्रश्न : जॅक लंडनच्या 'टू बिल्ड अ फायर'मध्ये नायक मरतो असं वाचलं होतं. दुसऱ्या एका संग्रहात तो जगतो आणि त्याला नावही आहे. कोणती कथा खरी?

दोन्ही खऱ्या. पहिली १९०२ ची, 'यूथ्स कम्पॅनियन' या मुलांच्या नियतकालिकातली. तिच्यात टॉम व्हिन्सेंट हाता-पायांना हिमदंश होऊनही वाचतो आणि एकट्यानं प्रवास करायचा नाही हा धडा घेतो. दुसरी १९०८ ची, 'सेंच्युरी' मासिकातली. तिच्यात माणसाला नाव नाही, सोबत कुत्रा आहे आणि शेवटी माणूस मरतो. नुसतं कथेचं नाव घेतलं तर बहुधा ही दुसरीच अभिप्रेत असते. उत्तर लिहिताना साल जरूर द्या, नाहीतर 'टॉम मरतो' अशी खिचडी होते. ती आमच्याकडे आलेल्या तीन पत्रांत झाली आहे.

१९०८ च्या कथेत, कॅनडातल्या क्लोंडाइकच्या थंडीत, मरण एका घोडचुकीनं येत नाही, छोट्या छोट्या निष्काळजीपणाची साखळी आहे. तापमान उणे ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ५९ सेल्सियस. थुंकी जमिनीवर पडण्याआधी हवेतच तडतडते, त्यावरून त्याला कळतं की थंडी आपल्या अंदाजापेक्षा जास्त आहे. कळतं, पण त्यातून तो काही निष्कर्ष काढत नाही. उणे ५० च्या खाली एकट्यानं निघू नये, असं सल्फर क्रीकच्या जुन्या जाणत्यानं बजावलेलं असतं, त्याला हा मनात हसतो. बर्फाखाली न गोठणारे झरे असतात. तसल्या एका जागी पाय आत जातो आणि तो अर्ध्या पोटरीपर्यंत भिजतो. आता शेकोटी पेटवून पाय वाळवायलाच हवेत.

शेकोटी तो पेटवतो ती स्प्रूसच्या झाडाखाली. का? खालच्या झुडपातल्या काटक्या ओढून तशाच आगीवर टाकता येतात, चार पावलं वाचतात. प्रत्येक काटकी ओढताना झाड किंचित हलतं. वर फांद्यांवर बर्फाचं ओझं आहे. एक फांदी रिती होते, तिचं बर्फ खालच्या फांद्यांवर, असं करत सगळं आगीवर कोसळतं. उघड्यावर पेटवली असती तर हे झालं नसतं. त्यानंतर बोटं काम देईनाशी होतात. तो ७० काड्यांचा जुडगा दोन तळहातांत धरून एकदम पेटवतो, कातडी जळते, तरी इवलासा जाळ धरतो. त्यावर ओल्या शेवाळाचा तुकडा पडतो. तो बाजूला करताना थरथरणारा हात जास्त खोल जातो आणि आग विखुरते. कुत्र्याला मारून त्याच्या उबेत हात घालायचा विचार येतो, पण सुरी धरायलाही बोटं वळत नाहीत.

'माणूस विरुद्ध निसर्ग' असं मथळ्यासारखं वाक्य इथे अपुरं पडतं. निसर्ग त्याच्यावर चालून येत नाही, त्याला या माणसाची दखलच नाही. त्या काळच्या निसर्गवादी (नॅचरलिस्ट) लेखनाचा, म्हणजे माणूस परिस्थितीच्या हातात आहे असं मानणाऱ्या लेखनाचा, हा गाभा आहे. माणसाला माहिती आहे, अंश मोजता येतात, पण त्या अंशांचा आपल्या जिवाशी संबंध लावता येत नाही. कुत्र्याला आकडा ठाऊक नाही, पण अशा हवेत चालायचं नसतं हे त्याला उपजत कळतं. शेवटी मरणाचा वास आल्यावर तो छावणीकडे निघून जातो, कारण अन्न आणि आग देणारी दुसरी माणसं तिथे आहेत. कुत्र्याच्या स्वामिनिष्ठेवर लिहिणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

प्रश्न : परीक्षेत 'थीम लिहा' म्हटलं की आम्ही तात्पर्य लिहितो आणि गुण जातात. नेमकं काय लिहायचं?

आधी विषय एका शब्दात लिहा : एकटेपणा, पैसा, गर्व. मग ही कथा त्या विषयाबद्दल काय दाखवते याचं एक पूर्ण वाक्य करा, त्यात पात्राचं नाव नको आणि 'करावे', 'करू नये' नको. मग कथेतल्या दोन जागा शोधा : एक त्या वाक्याला आधार देणारी, दुसरी त्याला अडचणीत आणणारी. दुसरी जागा वाक्यात सामावत नसेल तर वाक्य बदला. गुण बहुधा या दुसऱ्या जागेपाशी जातात, कारण ती कुणी शोधतच नाही.

प्रश्न : सुझन ग्लास्पेलच्या 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स'ची नायिका कोण? मिनी राइट तर कथेत येतच नाही.

मिनी तुरुंगात आहे, कथा तिच्या स्वयंपाकघरात घडते. नवऱ्याचा झोपेत दोरीनं गळा आवळलेला सापडला आहे. शेरीफ आणि सरकारी वकील हेतू शोधत वरच्या मजल्यावर, गोठ्यात फिरतात. खाली मिसेस हेल आणि शेरीफची बायको मिसेस पीटर्स थांबतात आणि त्यांना हेतू सापडतो. टेबल अर्धंच पुसलेलं. साखरेच्या डब्याचं झाकण उघडं, पिशवी अर्धी भरलेली, म्हणजे हातातलं काम मध्येच तुटलं. गोधडीच्या एका तुकड्यावरचे टाके सुबक असता असता एकदम वेडेवाकडे. रिकामा पिंजरा, दाराची बिजागरी मोडलेली. आणि शिवणाच्या पेटीत रेशमात गुंडाळलेला, मान पिरगळलेला कॅनरी पक्षी. नवऱ्यानं मिनीचा पक्षी मारला, म्हणून तिनं नवऱ्याला, हा तो हेतू.

वाकडे टाके मिसेस हेल उसवून नीट घालायला घेते. बोलता बोलता, सवयीनं केल्यासारखं. पण तो पुरावा नष्ट करण्याचा पहिला प्रकार आहे आणि मिसेस पीटर्सला तो दिसतो. आमच्या मते कथेचा कणा मिसेस पीटर्स आहे. मिसेस हेल सुरुवातीपासून मिनीच्या बाजूनं झुकलेली, शिवाय इतकी वर्षं शेजारी असून तिला भेटायला आलो नाही ही बोच तिला आहे. मिसेस पीटर्स मात्र 'कायदा तो कायदा' म्हणत येते. लहानपणी डोळ्यांदेखत कुऱ्हाडीनं मारलेलं मांजराचं पिल्लू आणि डाकोटात गेलेलं पहिलं मूल तिला आठवतं, आणि ती बदलते.

ग्लास्पेल वार्ताहर असताना तिनं आयोवातल्या १९०० सालच्या एका शेतकऱ्याच्या खुनाच्या बातम्या दिल्या होत्या. तो खून कुऱ्हाडीचा होता. १९१६ च्या 'ट्रायफल्स' या नाटकात आणि १९१७ च्या या कथेत तिनं दोरी आणली, म्हणजे पक्ष्याची मान आणि नवऱ्याचा गळा एका रेषेत आले. शीर्षकातला उपरोधही कळायला हवा : त्या वेळी आयोवात बायकांना ज्युरीत बसता येत नव्हतं. मिनीच्या बरोबरीच्यांची ज्युरी फक्त त्या स्वयंपाकघरातच बसू शकत होती.

प्रश्न : फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन' म्हणजे 'आपली वेगळी वाट निवडा' हाच संदेश ना?

भिंतीवरच्या पोस्टरांनी तो केलाय. कवितेत (ऑगस्ट १९१५) दुसऱ्या कडव्याच्या शेवटी सांगितलंय की दोन्ही रस्ते जवळपास सारखेच मळलेले होते, आणि तिसऱ्यात दोन्हींवर पानं सारखीच पडलेली आहेत. 'कमी वापरलेला रस्ता घेतला, त्यानंच फरक पडला' हे वाक्य पुढे कित्येक वर्षांनी, उसासा टाकत, मी सांगेन असं बोलणारा म्हणतो. माणूस नंतर आपल्या निवडीची गोष्ट कशी रचतो, हा कवितेचा विषय. एडवर्ड थॉमस हा फ्रॉस्टचा कवीमित्र कुठलीही वाट घेतली तरी दुसरीसाठी हळहळायचा, त्याची थट्टा कवितेमागे आहे. शीर्षकही न घेतलेल्या रस्त्याचंच आहे.

फ्रॉस्टच्याच 'मेंडिंग वॉल'चंही असंच होतं. चांगल्या कुंपणानं चांगले शेजारी होतात, हे म्हणणं शेजाऱ्याचं आहे, कवीचं नाही. मात्र दरवर्षी भिंत दुरुस्त करायला शेजाऱ्याला निरोप कोण देतं? भिंतीवर शंका घेणारा निवेदकच.

प्रश्न : रिचर्ड कोरी आत्महत्या का करतो?

एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सनची 'रिचर्ड कोरी' ही कविता ते सांगत नाही, आणि कारण शोधून लिहिलेलं उत्तर चुकतं. (कविता १८९७ ची आहे, पण तिची वृत्ती पुढच्या शतकाची, म्हणून अभ्यासक्रमांत ती इथेच येते.) १६ ओळी आणि बोलणारे 'आम्ही', फुटपाथवरची माणसं. त्यांनी या श्रीमंत, रुबाबदार माणसाला पाहिलं, त्याचं 'गुड मॉर्निंग' ऐकलं, त्याच्या जागी असावं असं त्यांना वाटलं. बस. ओळखलं कुणीच नाही. विचारायचंच तर त्या 'आम्ही'बद्दल विचारा.

शेजारी कृष्णवर्णीय अमेरिकन कवी पॉल लॉरेन्स डनबारची 'वी वेअर द मास्क' ठेवून वाचा. तिथेही 'आम्ही' बोलतात, पण डनबारचे 'आम्ही' पाहणारे नाहीत, ज्यांच्याकडे पाहिलं जातं ते आहेत. डनबारचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले होते. कवितेत वंशाचा शब्दही येत नाही, तरी मुखवटा कुणाचा आणि कुणासमोर हे कळतं.

प्रश्न : विल्यम कार्लोस विल्यम्सची लाल ढकलगाडीची कविता म्हणजे एक साधं वाक्य तोडून लिहिलंय. यात कविता कुठे?

तोडण्यात. वाक्य एवढंच : पांढऱ्या कोंबड्यांशेजारच्या, पावसाच्या पाण्यानं चकाकणाऱ्या लाल ढकलगाडीवर खूप काही अवलंबून आहे. १९२३ ची ही कविता १६ शब्दांची, चार कडवी, प्रत्येकात वरच्या ओळीत तीन शब्द आणि खाली एक. 'ढकलगाडी' आणि 'पावसाचं पाणी' यांसाठीचे इंग्रजी जोडशब्द कवीनं ओळीच्या टोकाला मधून तोडलेत, त्यामुळे आधी चाक दिसतं आणि मग गाडी, आधी पाऊस आणि मग पाणी. सगळं एका ओळीत लिहून मोठ्यानं वाचा, मग मूळ मांडणीत वाचा. पहिल्या वाचनात नजर थेट पांढऱ्या कोंबड्यांपर्यंत धावते, दुसऱ्यात ती चाकापाशी अडते.