बुद्ध्यंक की बुद्ध्यांक? आणि ‘44 मुलांमागे एक’ म्हणजे नक्की किती?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने शाळेच्या वार्षिक अंकातलं वाक्य तपासायला पाठवलं आहे : ‘आमच्या पाचवीच्या 32 मुलांपैकी चौघांचा बुद्ध्यांक 145 टक्के आहे.’ शब्द बरोबर आहे ना, एवढंच त्यांचं विचारणं.

तर शब्द आधी, म्हणजे इंग्रजीतल्या ‘आयक्यू’साठीचा. बुद्धि + अंक. इकारापुढे अ आला की य होतो; अति + अंत = अत्यंत, तसाच बुद्ध्यंक. ‘बुद्ध्यांक’ हा ‘गुणांक’च्या वळणावर गेलेला आहे, पण तिथे गुण + अंक असे दोन अ भेटतात म्हणून आ येतो. ‘बुद्धिगुणांक’ही चालतो, द्धि ऱ्हस्व ठेवून. मात्र त्यातल्या ‘गुण’मुळे प्रगतिपुस्तक आठवतं, म्हणून माझं मत बुद्ध्यंकाला.

‘टक्के’ काढाच. ही चूक अगदी निराधार नाही म्हणा. जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्न यांनी 1912 मध्ये मानसिक वयाला (मूल कोणत्या वयाच्या मुलांइतकी उत्तरं देतं ते) प्रत्यक्ष वयाने भागायला सुचवलं आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टर्मन यांच्या 1916 च्या चाचणीत त्या भागाकाराला 100 ने गुणलं. आठ वर्षांच्या मुलाने बारा वर्षांच्या मुलाइतकी उत्तरं दिली की 150. म्हणजे एका परीने शेकडेवारीच. वेक्सलर नावाच्या बुद्धिचाचण्यांत हा भागाकार नाही. त्यांत समवयस्कांची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, 15 धरतात. 145 म्हणजे सरासरीच्या वर तीन विचलनं. म्हणून 140 वाला 70 वाल्याच्या ‘दुप्पट हुशार’ असंही म्हणता येत नाही.

या मोजपट्टीवर 130 किंवा अधिक साधारण 44 मुलांत एकाचा येतो, 145 किंवा अधिक सुमारे 740 मुलांत एकाचा. एका वर्गात चौघे? त्या वर्गात मुलं मुद्दाम निवडून घेतली नसतील, तर संशय चाचणीवर घ्यावा. आपल्याकडची बिने-कामत चाचणी भागाकाराची आहे. तिचा 145 आणि वेक्सलरचा 145 एक नव्हेत. शिवाय चाचणीची प्रमाणकं, म्हणजे ज्या नमुना मुलांच्या आकड्यांशी तुलना करतात ते आकडे, जुनी झाली की आकडे फुगतात, दर दशकाला साधारण 3 अंकांनी. आणि 160 बद्दल तर बोलूच नये : हिशेबाने तो 31 हजारांत एक, आणि वेक्सलरच्या मुलांसाठीच्या पाचव्या आवृत्तीची प्रमाणकं 2,200 मुलांवर बेतलेली. त्यांत असं एकही मूल सापडण्याचा संभव फार थोडा.

आता ‘मागे’ची गंमत, कारण 130 चं हे प्रमाण ‘44 मुलांमागे एक’ असंही लिहिलं जातं. 2011 च्या जनगणनेत गोव्यात हजार पुरुषांमागे 973 स्त्रिया होत्या. इथे स्त्रिया त्या हजारांत नाहीत, वेगळ्या आहेत. त्याच न्यायाने ‘44 मुलांमागे एक’ म्हटलं तर ते एक मूल पंचेचाळिसावं ठरू शकतं. शेकड्यामागे दोन रुपये व्याजातही ते दोन रुपये शंभराबाहेरचेच. मूल गटातलंच असेल तर ‘44 मुलांत एक’ किंवा ‘44 मुलांपैकी एक’ लिहावं. 44 ला फरक किरकोळ, पण ‘सहांमागे एक’ आणि ‘सहांत एक’ यांत बराच.

बाईंचं वाक्य असं होईल : ‘आमच्या पाचवीच्या 32 मुलांपैकी चौघांचा बुद्ध्यंक अमुक चाचणीत, अमुक साली, 145 आला.’ दोन्ही ‘अमुक’ भरून मिळेपर्यंत ते छापायला देऊ नये.