कठोर उतारे वाचताना

बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकातील, देवाच्या आज्ञेने इस्राएलाने केलेला यरीहो शहराचा संहार वाचून तुमचे मन हादरले असेल, तर ते विश्वास डळमळल्याचे लक्षण समजू नका. ज्या ख्रिस्ताने शत्रूवर प्रीती करायला शिकवले, त्याच्या शिकवणीनेच तुमचे मन असे घडवले आहे. या उताऱ्यांवर घाईने पांघरूण घालू नका, आणि दुसऱ्या शतकातील मार्सियन या शिक्षकाप्रमाणे जुना करारच, म्हणजे बायबलचा पहिला भागच, बाजूला सारण्याचा सोपा मार्गही धरू नका. मंडळीने तो मार्ग तेव्हाच नाकारला.

आधी मजकूर नीट वाचा. यहोशवाच्या 10 व्या अध्यायात श्वास घेणारे कोणीही उरले नाही असे म्हटले आहे, पण त्यापुढच्या शास्ते या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, ज्यांच्याशी हे युद्ध होते ते कनानी लोक त्याच देशात राहताना दिसतात. 1868 मध्ये सापडलेल्या इस्राएलाच्या शेजारच्या मवाब देशाचा राजा मेशा याच्या शिलालेखात तर इस्राएल कायमचा नष्ट झाल्याची बढाई आहे! युद्धवर्णनाची त्या काळची भाषाच अशी होती. अर्थात, एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण संहाराची आज्ञा मजकुरात उरतेच, आणि ती मलाही आजवर बोचते.

मला आधार मिळाला तो लूकच्या शुभवर्तमानाच्या 4 थ्या अध्यायात. नासरेथच्या सभास्थानात येशू यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 61 वा अध्याय वाचतो, प्रभूच्या प्रसादाच्या वर्षापर्यंत येतो आणि सूडाच्या दिवसाचे पुढचे शब्द उच्चारण्यापूर्वीच ग्रंथपट गुंडाळतो. त्या थांबण्यापाशी तुम्हीही थोडा वेळ थांबा, आणि मग यहोशवाकडे परत या.