विभाजक न शोधता मूळ संख्या कशी ओळखतात?

प्रश्न : चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा उल्लेख आहे. त्या निमित्ताने मुलांना कुट्टक, म्हणजे बाक्यांचे गणित, शिकवले. तेव्हा वर्गात विचारणा झाली : २०२४ मध्ये सापडलेली चार कोटी अंकांची मूळ संख्या कशाकशाने भागून पाहिली? तिचे अंक कसे मोजले?
– शिक्षिका, चाळीसगाव

उत्तर : ती संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. अशा संख्यांना आधी लहान विभाजकांची चाळणी लावतात, पण मूळ असल्याचा निर्णय बाक्यांवरच होतो. ल्युका-लेमर कसोटी फळ्यावरही जमते. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. आलेल्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी वेळा केल्यावर बाकी ० आली, तरच संख्या मूळ.

२ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७. पाच पायऱ्या : ४ → १४ → ६७ → ४२ → १११ → ०. मूळ! मुले इथे हमखास एक पायरी जास्त करतात. मग बाकी १२५ येते आणि चांगली मूळ संख्या संयुक्त ठरते. दुसरी चूक म्हणजे बाकी न काढता वर्ग करत राहणे. दर पायरीला अंक जवळजवळ दुप्पट होतात आणि कॅल्क्युलेटर हात टेकतो.

घातांक ११ घेऊनही जरूर करून घ्या. ११ मूळ आहे, पण २०४७ ची नववी बाकी १७३६ येते; २०४७ = २३ × ८९.

अंक मोजायला घातांकाला २ च्या लॉगने गुणा आणि उत्तराच्या पूर्णांकात १ मिळवा. मात्र शाळेतले ०.३०१०३ इथे पुरत नाही : गुणाकार ४,१०,२४,३२०.५ होतो आणि एक अंक जास्त निघतो. ०.३०१०२९९९५७ घेतल्यास ४,१०,२४,३१९.९ येते, म्हणजे अंक ४,१०,२४,३२०.

प्रश्न : एक्सेलमध्ये २ चा ६७ वा घात वजा १ काढला, तर शेवटी सहा शून्ये आली. विषम संख्येचे असे कसे?
– विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : एक्सेल पहिले १५ अंकच दाखवते, पुढे शून्ये भरते. खरी संख्या १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. पायथॉन या संगणकभाषेत ती पूर्ण मिळते. ही संख्या संयुक्त आहे हे फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने १८७६ मध्येच दाखवले होते, पण विभाजक न सांगता. शून्य नसलेली बाकी 'मूळ नाही' एवढेच सांगते, अवयव देत नाही. ते अवयव १९०३ मध्ये अमेरिकी गणितज्ञ कोल यांनी मांडले : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.