भयपटाच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत असं काय करतात, की काहीही घडलेलं नसताना छातीत धडधडायला लागतं?

आधी तुमच्या मित्राचं बघू. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या स्पर्धेसाठी बारा मिनिटांची भुताची शॉर्टफिल्म करताय, आणि मित्र म्हणतोय, पहिल्या दहा सेकंदांत भूत दाखव, नाहीतर लोक पुढं सरकवतील. मित्र चूक आहे. साफ चूक आहे. एवढ्या तावातावानं सांगतोय, कारण याच मुद्द्यावरून मी एका माणसाशी वर्षानुवर्षं भांडलोय. तेव्हा मोबाईल नव्हते, ३५ एमएमची रिळं होती, एवढाच फरक.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये मी प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर होतो. सिनेमाच्या धंद्यात मराठवाडा निझाम सर्किटमध्ये, म्हणजे वितरकांनी वाटून घेतलेल्या एका विभागात मोडायचा. मोठ्या शहरांत फिरून, ओरखडे पडून, जागोजागी जोड लागून मग फिल्मची पेटी आमच्याकडं यायची. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. शेठना एकच घोर, सहाचा शो नऊच्या आत सुटला पाहिजे. मध्येच लाइट जायची, जनरेटर सुरू होईस्तोवर वेळ जायचा, आणि मुक्कामी एसटी हुकेल म्हणून खेड्यावरची माणसं शेवट सोडून उठायची. म्हणून शेठ सिनेमा कापायला लावायचे. बोट कायम पहिल्या रिळावर. "तिथं हाय काय? पाट्या पळायल्यात अन् घर दाखवायलेत. पब्लिक तर अजून बसायली."

असाच एक भुताचा सिनेमा आला, दक्षिणेकडून हिंदीत डब झालेला. सुरुवात अशी. भर दुपार, मोठं जुनं घर, अंगणात बाई पापड वाळत घालतेय, ओसरीवर रिकामा झोपाळा. कॅमेरा घराभोवती सावकाश फिरतो. माडीवर एक खिडकी, बंद. कॅमेरा बाईपाशी येतो, पुन्हा फेरी मारतो. आता खिडकीची एक झडप बोटभर उघडी. बाई वाकून पापड उलटतेय. तिसऱ्या फेरीला झडप वीतभर उघडी. संवाद नाही, संगीत नाही, नुसती झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर. हे सगळं नावांच्या पाट्यांच्या मागं चाललेलं, कुणी मुद्दाम बोट दाखवत नाही.

शेठनी ते सगळं काढायला लावलं. सातशे-साडेसातशे फूट. मिनिटाला नव्वद फूट फिल्म पळते, म्हणजे आठेक मिनिटं वाचली. माझे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी दखनीत एवढंच विचारलं, "खिडकीच काट दिए तो भूत किधर से आता जी?" शेठ हसले. आम्ही कापलं.

कापणं म्हणजे काय, ते तुमच्या पिढीनं हातानं केलेलं नाही म्हणून सांगतो, पुढं उपयोगी पडेल. ब्लेडनं फिल्मच्या टोकावरचा मसाला, म्हणजे चित्राचा थर, खरवडायचा, फिल्म चिकटवायच्या 'सिमेंट'चं एक बोट फिरवायचं, दोन टोकं दाबून धरायची. मग कडेच्या आवाजाच्या पट्टीवर जोडाच्या जागी काळ्या शाईचा छोटा त्रिकोण रंगवायचा, नाहीतर हॉलमध्ये 'खट्' असा आवाज येतो. पण एक गोष्ट शाईनं झाकता येत नाही. फिल्म आधी चित्राच्या खिडकीतून जाते, आवाज वाचणारं डोकं त्याच्या खाली असतं, वीसेक फ्रेमच्या अंतरावर. त्यामुळं जोड आला की चित्र आधी उडी मारतं आणि आवाज जवळजवळ सेकंदानं. तेवढा वेळ नव्या चित्रावर आधीच्या दृश्याचा आवाज चालू राहतो. बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण तो खुर्चीत हलतो. केबिनच्या भोकातून मी हे किती वेळा बघितलंय. डोळ्याला एक आणि कानाला दुसरं मिळालं की माणूस अस्वस्थ होतो, हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, त्या जोडांनी शिकवलं.

तर तो कापलेला सिनेमा चालला. मध्यंतरानंतर रात्रीचं दृश्य आहे, बाई एकटी, आणि माडीवरची तीच खिडकी उघडते. थर्डमधून, म्हणजे पुढच्या स्वस्त जागांवरून, शिट्ट्या. "आलं रे आलं!" म्हणून हशा. झोपाळा कुरकुरला तर कुणीतरी तोंडानं कुरकुर काढली. शेठ म्हणाले, सिनेमाच पडेल आहे.

कापलेले तुकडे आम्ही डब्यात जपून ठेवायचो, पेटी परत करताना जोडून द्यावे लागायचे. त्याच आठवड्यात शेठ घरच्या लग्नाला जालन्याला गेले आणि उस्तादांनी मला तुकडा जोडायला सांगितलं. सहाच्या शोला पूर्ण सिनेमा लावला. हॉलचे दिवे उस्तादांनी एरवीपेक्षा सावकाश उतरवले. कॅमेऱ्याची पहिली फेरी झाली, लोक अजून जागा शोधत होते, शेंगदाणे चालू होते. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला थर्डमधून एक म्हातारा आवाज स्वच्छ ऐकू आला, "खिडकी आधी उघडी होती का रं?" बास. त्यानंतर पब्लिक पडद्यावर बाईकडं बघायचंच सोडून खिडकीकडं बघायला लागलं. मध्यंतरानंतर तीच खिडकी, तेच भूत, तोच झोपाळा. एक शिट्टी नाही. पुढच्या रांगेतल्या पोरांनी पाय वर घेतलेले मी केबिनमधून बघितले.

शेठ परत आल्यावर हे सांगितलं तर म्हणाले, "त्या दिवशी पब्लिकच वेगळं होतं. बाजारचा दिवस नव्हता." पुढचा सिनेमा आला तेव्हा पुन्हा पहिलंच रीळ कापायला लावलं. त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की चांगली सुरुवात घाबरवायच्या भानगडीत पडत नाही. ती तुम्हाला घर हिंडून दाखवते. कुठली खिडकी, कुठला आवाज, कुठला कोपरा, कशावर लक्ष ठेवायचं, हे ती नकळत शिकवते, आणि पुढची सगळी भीती त्या शिकवणीवर चालते.

'जॉज'ची (१९७५) सुरुवात घ्या. रात्रीचा समुद्र, पोहणारी मुलगी, आणि कॅमेरा पाण्याखालून वर तिच्या पायांकडं बघतोय. माणसं मारणारा शार्क मासा दिसतच नाही. खाऱ्या पाण्यात यांत्रिक मासा सारखा बिघडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला तो लपवत न्यावा लागला, आणि तो धडपणे दिसायला तास उलटून जातो. पण सुरुवातीनं दोन गोष्टी शिकवून ठेवलेल्या असतात. पाण्याखालून वर बघणारी नजर कुणाची, आणि संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सूर म्हणजे काय. मग पुढं रिकाम्या पाण्यालाही आपण घाबरतो.

'हॅलोवीन'मध्ये (१९७८) उलटं केलंय. कॅमेराच खुनी आहे. चालताना कॅमेरा हलू नये म्हणून अंगाला बांधायचा पॅनाग्लाइड वापरून घराबाहेरून आत, जिन्यावरून वर, जवळजवळ सलग चाल. मध्ये तो मुखवटा चढवतो आणि पडदा दोन डोळ्यांच्या भोकांएवढा उरतो. प्रेक्षकानं डोळे मिटायचे तरी कुणाचे? शेवटी मुखवटा निघतो तर सहा वर्षांचं पोर. दिग्दर्शक कार्पेंटरनं संगीतही स्वतःच दिलंय, पाच मात्रांच्या ठेक्यात. चारला सरावलेलं शरीर दर आवर्तनाला एकदा अडखळतं. कमी पैशांत केलेला सिनेमा आहे, तुम्ही हाच आधी बघा.

'द शायनिंग' (१९८०) तर नुसत्या डोंगररस्त्यानं सुरू होतो. स्वच्छ ऊन, तळं, लहानशी पिवळी गाडी, वरून हेलिकॉप्टरमधला कॅमेरा. आणि त्यावर युरोपातल्या जुन्या मृत्यूच्या प्रार्थनेची धून. मी वर जोडाचं सांगितलं ते हेच, डोळ्याला सुंदर आणि कानाला मर्तिक. शिवाय कॅमेरा मध्येच गाडीला सोडून बाजूला निघून जातो आणि मग विचार येतो, की वरून बघणारं हे आहे तरी कोण.

आपल्याकडं 'महल'ची (१९४९) सुरुवात उस्ताद शिकवणीसारखी सांगायचे. वादळी रात्र, हवेलीत आलेला नवा मालक, जुनी गोष्ट सांगणारा माळी आणि भिंतीवरची तसबीर, जिचा चेहरा या नव्या मालकाचाच. कॅमेरा जर्मन योझेफ विर्शिंगचा. बाकी रामसे बंधूंच्या स्वस्तातल्या हिंदी भुताच्या सिनेमांवर लोक नाकं मुरडतात, पण वाडा आधी दाखवायचा हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

आणि 'तुंबाड' (२०१८). आपण मराठवाड्यातली माणसं. आपल्याकडं पाऊस आला की माणूस बाहेर येऊन हात पुढं करतो, पोळा बरा जाणार म्हणून खूश होतो. पावसाची भीती आपल्या अंगात नाही. तरी त्या सिनेमाच्या १९१८च्या भागात पाच मिनिटांत मला पाऊस नकोसा झाला. नंतर परत परत बघून कारण शोधलं. तिथं ऊन पडतच नाही. सगळा उजेड ढगाखालचा, सावली नसलेला, त्यामुळं सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नाही. खऱ्या पावसात, अनेक पावसाळे थांबून केलेलं शूटिंग आहे ते, पंकज कुमारचा कॅमेरा. पावसाचा आवाज संवादाखालूनही चालूच राहतो, थांबेल अशी आशा देत नाही. वर घरात साखळीनं बांधलेली आजी, ती आधी दिसत नाही, तिच्याबद्दलची पोरांची आणि आईची धास्ती दिसते.

टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं की वरच्या साध्या गप्पांनीही धास्ती वाटते, हा हिचकॉकचा धडा तुम्हाला शिकवला असेलच, तो पुन्हा सांगत बसत नाही.

तुमच्या कामाचं थोडं. इंटरनेटवरून उतरवलेलं भीतीचं फुकट संगीत लावू नका, ते ऐकून लोक सावध होतात आणि सावध झालेला माणूस घाबरत नाही. प्रत्येक खोलीचा नुसता आवाज, कुणी न बोलता, मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. फ्रेममध्ये माणूस कडेला ठेवा आणि मागचा दरवाजा मोकळा सोडा, त्यातून कुणी यायची गरज नाही. शॉट संपला असं वाटल्यावर अजून दोन सेकंद धरा. निळा फिल्टर लावून चांदणं करू नका. गावात शूटिंग करणार असाल तर आपल्याकडं रात्रीचा एक आवाज फुकट मिळतो. रात्रीची थ्री फेज लाइट आली की सगळ्या शिवारात विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी सुरू होतात, एक बारीक घुमारा भरून राहतो आणि कान तो ऐकायचा सोडून देतात. पहिल्या मिनिटापासून तो खाली चालू ठेवा. मग हवा त्या क्षणी लाइट घालवा. मोटारी बंद झाल्यावर जी शांतता येते, तिच्यापुढं कुठलंही वाद्य नको.

आता मित्राच्या बाजूनंही थोडं. सावकाश म्हणजे रिकामं नाही. आठ मिनिटं नुसतं धुकं दाखवलं तर मीही उठून जाईन. 'स्क्रीम' (१९९६) सुरुवातीलाच पोस्टरवरची नटी मारून टाकतो. पण तिथंही आधी फोनवरचं लांबलचक बोलणं आहे आणि गॅसवर फुगत जाणारं पॉपकॉर्नचं भांडं आहे, म्हणजे शिकवणी आहेच, नुसती जलद. तुमची फिल्म बारा मिनिटांची, तुमच्या हातात फार तर दीड मिनिट. आणि मोबाईलवर बघणाऱ्याला बारीक आवाज ऐकू येत नाही हेही खरं, स्पर्धेत मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत का ते आधी विचारून घ्या. एसटीचं म्हणाल तर शेठचं कारण खोटं नव्हतं, माणसांना घरी जायचंच होतं. पण कापायचंच होतं तर मधली गाणी होती. खिडकी का कापली?

मित्र ऐकत नसेल तर त्याच्याशी वाद घालू नका, दोन प्रती काढा. एक तुमची, एक त्याची, फरक फक्त सुरुवातीचा. एकाच वर्गातली पोरं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटा. एकाच खोलीत, एकाच संध्याकाळी, पडदे लावून, लागोपाठ दाखवा. पहिल्या गटाला बाहेर सोडताना दुसऱ्याशी बोलू देऊ नका. आणि पडद्याकडं पाठ करून बसा, पोरांचे चेहरे आणि पाय बघा. म्हणजे नंतर कुणाला पब्लिक वेगळं होतं असं म्हणता येणार नाही. काय झालं ते इथंच खाली लिहा, दोन्ही गटांचं. मला ते वाचायचंय.