इंडोनेशिया २०४५ पर्यंत विकसित देश होऊ शकेल का?

होऊ शकेल, पण सध्याच्या वेगाने ते अवघड दिसते. सुमारे २८ कोटी लोकसंख्येच्या या देशाने स्वातंत्र्याच्या शताब्दीपर्यंत, म्हणजे २०४५ पर्यंत, उच्च उत्पन्न गटात जाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. मात्र कोरोनाचा काळ वगळता गेले दशकभर त्याची वाढ वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत आहे.

खरी उत्सुकता विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत आणि स्टेनलेस स्टीलमध्ये लागणाऱ्या निकेल या धातूविषयी आहे. जगात सर्वाधिक निकेल काढणाऱ्या या देशाने जानेवारी २०२० पासून कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली, ती ज्यांना माल हवा त्यांनी कारखाने देशातच उभारावेत या हेतूने, आणि सुलावेसी व हालमाहेरा बेटांवर प्रामुख्याने चिनी भांडवलातून ते उभेही राहिले. (युरोपीय संघाने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २०२२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, तरी बंदी उठली नाही.) परंतु हे कारखाने बव्हंशी कोळशाच्या विजेवर चालतात, भांडवलाच्या मानाने रोजगार थोडा देतात, आणि विजेवरच्या गाड्यांत निकेल न लागणाऱ्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांचा वापर वाढत असल्याने हा हुकमाचा एक्का किती काळ चालेल, याची मला शंका वाटते.

करवसुली राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी असल्याने शिक्षण आणि आरोग्यावरील खर्च वाढवणे कठीण जाते. काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक असंघटित क्षेत्रात आहेत. माझ्या मते निकेलपेक्षा निर्णायक प्रश्न तोकड्या करवसुलीचा आणि असंघटित रोजगाराचाच आहे.